मुशीपुढनं उठायचं नाही

"आ करा."

"कशाला?"

"करा म्हणती न्हवं."

"आगं गिळली की. तुज्यादेखत पानी प्यालो."

"पानी गिळलं. गोळी कुटं गिळली? डाव्या गालात काय हाय त्ये?"

"तमाकू हाय."

"तमाकू पांढरी कवापास्नं झाली वो?"

जनकोजीनं तोंड गच्च मिटलं. छबूनं पदर खोचला, एका हातानं नवऱ्याची हनवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट गालात घातलं आणि अर्धी विरघळलेली गोळी बाहेर ओढली. तळहातावर घेऊन त्याच्या नाकापुढं धरली.

"ही तुमची तमाकू."

"तू बी लागलीस व्हय आता तोंडात बोटं घालाय? त्यो वेंकट काय कमी व्हता?"

"त्यानं सोनं हुडकाय तोंड उघडाय लावलं. मला तुमचं वाकडं झाल्यालं तोंड बघायचं न्हाई, म्हणून म्या लावती. किती दिस चाललंय ह्ये थुकायचं?"

खोलीला एकच खिडकी, तिच्यातनं खालच्या बोळातला हातगाडीवाल्यांचा कालवा वर येत होता. जनकोजीनं ती ओढून घेतली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला,

"मुताय लागतंय गं छबे. ती गोळी पोटात गेली की घटकाभरात कळ येती. गिराईक म्होरं बसल्यालं आस्तंय, मूस आगीवर आस्ती. कसा उठू?"

"मग नर्सबाईला सांगा की."

"बाईमान्साला? तामिळमंदी? मुताचं?"

"मग म्या सांगती."

"सांग तर खरं. तंगडंच मोडतो."

"मोडा. मोडाय तुमचा हात हालाय तर पायजे," असं म्हणून छबूनं पाकिटातनं दुसरी गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. जनकोजीनं ती मुठीत धरली, चड्डीच्या खिशात सोडली आणि जिना उतरून दुकानात गेला.

हा जनकोजी आमच्याकडचा, विट्याच्या वरल्या अंगाचा. त्या टापूत शंभर घरं हिंडलात तरी गलाईला गेलेला माणूस नाही असं घर हुडकावं लागेल. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शिजवायचं, त्यातलं तांबं-चांदी बाजूला काढायची आणि चोख सोनं मालकाच्या हातात द्यायचं. देशात जिथं म्हणून सोनार आहे तिथं एखाद्या बोळात आमचा माणूस भट्टी फुंकत बसलेला असतो. गावाकडं ह्या लोकांचे दुमजली बंगले आहेत. त्यात चिमण्या राहतात.

जनकोजीला मिसरूड फुटायच्या आधी त्याच्या बापानं चेन्नईला आणलं. साहुकारपेठेतल्या बोळात खाली दुकान, वर खोली. त्याचं सगळं आयुष्य ह्या जिन्यावर वर-खाली करण्यात गेलं. बाजारातली तामिळ त्याला अशी येते की भाव करताना, भांडताना आणि आईबहिणीवरनं शिव्या देताना ओळखू येत नाही हा माणूस कुठला ते. पण दवाखान्यातली तामिळ त्याला येत नाही. आमच्याकडं घरात मुताला मूत म्हणतात, त्यात कुणी लाजत नाही. लाज आहे ती परक्या बाईपुढं परक्या भाषेत बोलायची, आणि मागं दहा माणसं रांगेत उभी असताना बोलायची.

आता मुशीपुढनं, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यापुढनं, का उठता येत नाही ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की माणूस खुळा आहे.

गलाईवाल्याच्या कामाचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडणारा धंद्यात राहत नाही. गिऱ्हाइकानं सोन्याची पुडी सोडली की गलाईवाला पाटावर बसतो, आणि चोख सोनं काट्यावर चढेपर्यंत त्याचं बूड पाटावरनं हलत नाही. अंगात बनियन आणि चड्डी, बाही नाही, पदर नाही. नखं कापलेली. हात धुवायचे ते समोरच्याच घमेल्यात, ते पाणीसुद्धा ओतायचं नाही, कारण त्यातही मालकाचं सोनं असतं. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून बघत असतं. वितळवायचं, तेजाबात सोडायचं, धुवायचं, परत वितळवायचं, असं करता सकाळ जाते. मध्ये उठलात, भिंतीआड गेलात, की परत आल्यावर तुमच्याकडं ज्या नजरेनं बघितलं जातं ती नजर जन्मात पुसली जात नाही. सोनं नखात मावतं, केसात मावतं, गालात मावतं. मोरी जिन्याखाली आहे, डोळ्याआड.

म्हणून आमचे गलाईवाले सकाळी पाणीच पीत नाहीत. भाकरी आणि खरडा कोरडा खातात. मग भट्टीपुढं अंगाचं पाणी होतं, घशाला कोरड पडते, आणि गिऱ्हाईक गेलं की मुठीनं मीठ टाकून लिंबाचं सरबत तांब्या-तांब्यानं ढोसतात. घामावाटं मीठ जातं, ते भरून काढलं पाहिजे, असं प्रत्येक भट्टीवर सांगितलं जातं. मीठ किती गेलं आणि किती भरलं ह्याचा काटा कुणाच्याच दुकानात नाही. वर तंबाखू. वर रात्री त्याच भट्टीनं तापलेल्या खोलीत निजायचं, म्हणजे कूस बदलत पडायचं. जुन्या काळी चांदी शिशावर काढायचे, तो धूरही छातीत भरलेला. पोट सुटलेलं, पाय काटकुळे. आमच्या लोकांना वाटतं ही कष्टाची अंगं आहेत, ह्यांना काय होतंय.

जनकोजीचा बाप ह्याच पाटावर गेला. त्याला सगळे बापू म्हणायचे. मूस सांडशीत धरलेली असताना बापूचा डावा हात लुळा पडला, तोंड फिरलं, तरी उजव्या हातानं रस साच्यात ओतला आणि मगच आडवा झाला, अशी गोष्ट आहे. दिवस मावळायच्या आत गेला. गावाकडं ही गोष्ट अजून सांगतात. बापू मुशीपुढनं उठला नाही, काय माणूस होता, म्हणतात. ऐकणारे मान डोलवतात. मेंदूत शीर फुटलेला माणूस होता असं त्यातल्या एकानंही कधी म्हटलेलं नाही. आणि बापूचा थोरला भाऊ असाच गेला होता, त्याला वारं लागलं म्हणून सोडून दिलं.

जनकोजीला दुखणं असं काही नव्हतंच. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. महापालिकेच्या दवाखान्यातली विशालाक्षी नावाची नर्स पिशवी घेऊन घरोघर जिने चढायची आणि चाळिशीपुढच्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधायची. ती छबूसाठी आली होती. छबूचं बरं निघालं. जनकोजी जेवायला वर आला होता म्हणून त्याचाही दंड धरला. एकदा फुगवला, परत फुगवला, परत थोडं बसवून फुगवला.

"अय्या," आपण अहो म्हणतो तसं ती तामिळमधनं म्हणाली, "डोकं जड वाटतं?"

"नाही."

"झोप?"

"लागते." लागत नव्हती.

"उप्पु?" तिनं चिमटीनं मीठ टाकल्याची खूण केली.

"सगळे खातात तेवढंच." ताटात खरडा होता, तळलेला पापड होता आणि हातात सरबताचा तांब्या.

"वडिलांना बीपी होतं?"

"बापूला? काही नव्हतं. भट्टीपुढं बसलेला गेला."

विशालाक्षीनं लिहून घेतलं, वडील कामावर असताना गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागद बघितला, दोन गोळ्या दिल्या. एक साधी आणि एक अंगातलं पाणी काढणारी, सकाळी घ्यायची. जनकोजीच्या दंडावरचा आकडा बघून डॉक्टरही जरा थांबला होता म्हणे, पण बाहेर रांग मोठी होती.

नशीब असं की तो आडीचा महिना होता. आडीत तामिळ माणूस लग्न काढत नाही, नवं सोनं करत नाही. बोळातल्या भट्ट्या निम्म्या थंड. जनकोजी गोळ्या खात होता, पाहिजे तेव्हा मोरीवर जात होता, वाटलं तर पाणी पीत होता. छबूनं खरडा बंद केला म्हणून दोन दिवस रुसला, मग गप खायला लागला. आणि मान हलकी झाली. रात्री घोरायला लागला तेव्हा छबूला बरं वाटलं. श्रीपेरुंबुदूरच्या गाडीच्या कारखान्यातला त्यांचा पोरगा विजयकुमार पाळी संपवून घरी आला की बापाला तामिळमधनं चिडवायचा आणि बाप हसायचा. त्या घरानं आडीचा महिना सुखाचा बघितला. हे छबू अजून बोलून दाखवते, ते कौतुकानं नाही, रागानं.

आडी सरला. लग्नं निघाली. बोळात पुड्या सुटायला लागल्या.

अण्णा नगरात नारायणस्वामी म्हणून सराफ आहेत. बापूच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांचा माल दुसऱ्या भट्टीवर कधी गेला नाही, आणि त्यांचा माल येतो म्हणून बोळातले बाकीचे चार सराफही जनकोजीकडं येत होते. हल्ली म्हाताऱ्यांच्या जागी मुलगा वेंकट यायचा. शर्टाच्या आत पट्ट्यात सोनं बांधून मेट्रोनं यायचा, स्टुलावर बसायचा, डोळा हलवायचा नाही. एक दिवस माल मोठा होता. जुन्या माळा, मोडकी कर्णफुलं. जनकोजीनं पुडी सुटतानाच सांगितलं होतं की ह्या माळेच्या मण्यांत लाख भरलेली आहे, घट जास्त येईल.

सोनं तेजाबात पडलं आणि कळ आली.

जनकोजीनं मांड्या आवळल्या. घाम भट्टीचा कुठला आणि कळेचा कुठला ते कळेना. त्यानं तेजाब ढवळलं, धूर टाळायला तोंड फिरवलं, परत ढवळलं. इतक्या वर्षांत पाटावर त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, एकदा ताप होता, एकदा सांडशी निसटून मांडी भाजली होती. तो उठला नव्हता. त्या दिवशी उठला.

"एंगे?" वेंकटनं विचारलं. कुठं?

जनकोजीनं जिन्याखाली बोट केलं आणि गेला.

परत आला तेव्हा वेंकट उभा होता. काम पुरं झालं, सोनं काट्यावर चढलं. वेंकटनं मनाशी धरली होती त्यापेक्षा घट जास्त आली.

"जास्त आहे, अण्णे."

"लाख होती. आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." वेंकट त्याच्या गालाकडं बघत होता. "तोंडात काय आहे?"

"तंबाखू."

"दाखवा."

बोळाच्या तोंडाला दोन माणसं थांबली होती. आमचीच, गावाकडची. जनकोजीनं आ केला. मग वेंकटनं कागदाचा तुकडा पुढं केला, त्यावर तंबाखू थुंकायला लावली, आणि ती ओली तंबाखू बोटानं पसरून बघितली. काही नव्हतं. वेंकटनं कागदालाच बोट पुसलं, सोनं पट्ट्यात बांधलं आणि गेला. माफ करा म्हणायची त्याला गरज वाटली नाही, आणि त्यानं ते म्हणावं असं जनकोजीलाही वाटलं नाही. उठला होता ना.

पुढच्या आठवड्यापासून वेंकटचा माल दुसरीकडं जायला लागला. बाकीचे सराफ एकेक करून कमी झाले. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "जनकोजीतात्या, उठलासा म्हणं?" आणि सगळे कपात बघायला लागले.

त्या दिवसापासून गोळी गालात राहायला लागली आणि छबूची पाठ वळली की मोरीत जायला लागली. दोन्ही गोळ्या. कुठली पाण्याची आणि कुठली दुसरी हे निवडत बसायला कुणाला पाहिजे? सरबताचा तांब्या परत आला. विशालाक्षी महिन्यानं आली, पट्टा बांधला, आकडा चढलेला.

"गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

तिनं दवाखान्यात सांगितलं, डॉक्टरनं गोळी वाढवली. न खाणाऱ्या माणसाची गोळी वाढवली. परत आकडा तोच, परत वाढवली. असा दवाखाना गोळ्या देत राहिला आणि मोरी खात राहिली. विशालाक्षीला खोटं वाटायचं कारण नव्हतं. तिनं पाकिटं मोजली, रिकामी होती. पाकीट रिकामं म्हणजे माणूस खातोय, एवढंच तिच्या कामात विचारायचं असतं. का खात नाही, हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता, आणि चढून आलेल्या जिन्यांमुळं तिचे स्वतःचे गुडघे बोलत होते.

छबूला संशय आला तो मोरीवरनं. गोळी खाणारा माणूस सकाळी एकदाही मोरीवर जात नाही? म्हणून त्या सकाळी तिनं तोंडात बोट घातलं.

आणि त्याच सकाळी, जनकोजी खिशात गोळी टाकून खाली उतरला आणि शटर वर केलं, तर बोळात नारायणस्वामी उभे. काठी टेकत, मागं वेंकट.

"जनको," म्हातारे म्हणाले, "वेंकट लहान आहे. मनावर घेऊ नको. आज मी बसतो."

जनकोजीचं तोंड असं उजळलं की जिन्यावरनं बघणाऱ्या छबूला ते बघवेना. त्यानं स्टूल पुसलं, पंखा म्हाताऱ्यांच्या अंगाला वळवला, घमेलं भरलं, पाटावर बसला. पुडी सुटली. मूस आगीवर चढली.

नारायणस्वामींनी खिशातनं डबी काढली, तिच्यातनं एक गोळी घेतली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली.

"बीपी," ते म्हणाले. "पाणी काढायची. वय झालं, जनको. तुझा बाप नशीबवान, त्याला असलं काही नव्हतं."

जनकोजीनं ते पाकीट ओळखलं. त्याच रंगाचं. त्याच्या खिशात तसलीच एक गोळी घामानं भिजत होती.

सोनं तेजाबात पडलं तेव्हा म्हातारे उठले. "कुठं आहे रे?"

"मागं. जिन्याखाली. जपून जा, पायरी उंच आहे."

म्हातारे काठी टेकत गेले. ते डोळ्याआड होताच वेंकटनं मोबाईल खिशात घातला आणि पाटाकडं बघत उभा राहिला. म्हातारे हात पुसत परत आले, बसले, वेंकटनं मोबाईल काढला. जरा वेळानं परत उठले. परत वेंकटचा मोबाईल खिशात. म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नाही एंगे म्हणून. जनकोजी ढवळत होता. मानेची शीर दोरीसारखी वर आलेली, कान लाल. भट्टीनं होतं असं कुणीही म्हटलं असतं.

तेवढ्यात विशालाक्षी आली. तिचा त्या बोळातला दिवस होता. ती वर जायला निघाली तर छबू निम्म्या जिन्यात आडवी उभी.

"सिस्टर," छबू म्हणाली, आणि मग तिला येत होती नव्हती ती सगळी तामिळ एकदम बाहेर आली. ह्यो मात्तिरै, गोळ्या थुकतो. रोज थुकतो. सगळ्या थुकल्या. खाल्ली की मुताय लागतंय, आन काम सोडून उठता येत न्हाई. मुताचा शब्द तिनं मराठीच घातला आणि जिन्याखाली हात केला. समजायचं ते समजलं.

"छबे!" जनकोजी ओरडला. उठला नाही.

विशालाक्षीला आधी हसू आलं. "एवढंच? अय्या, एवढंच होतं? लघवीला लावत नाही अशी दुसरी गोळी मिळते. चार महिने झाले, एक शब्द सांगायचा होता." मग तिनं पिशवीतनं पट्टा काढला, पाटापाशी खाली बसली आणि त्याचा डावा हात ओढून घेतला. उजव्या हातात काचेची ढवळणी तशीच. पट्टा फुगला, सुटला. तिचं हसू गेलं. परत फुगवला.

"आत्ता चला. डॉक्टर दुपारपर्यंत आहेत. पुढं सुट्टी आहे. आत्ता चला."

"उद्या येतो."

"उद्या दवाखाना बंद. हे असं ठेवून बसायचं नाही, अय्या. कळतंय का मी काय म्हणते?"

"जा की, जनको," नारायणस्वामी म्हणाले. "जाऊन ये. मीही ह्यातनं गेलोय. खेळ नाही."

"अप्पा," वेंकट हळूच म्हणाला, "सोनं तेजाबात आहे."

म्हाताऱ्यांनी भांड्याकडं बघितलं. भांड्यातनं तांबडा धूर निघत होता. तेजाबातलं सोनं काट्यावर घालता येत नाही, बांधून नेता येत नाही. ते जनकोजीला कुणी सांगायला नको होतं.

"किती वेळ लागेल अजून?" म्हाताऱ्यांनी विचारलं. आवाज मायेचाच होता. "आटप आणि मग जा."

"आवं उठा!" छबू जिन्यावरनं म्हणाली. "डाक्टर गेल्याव मग तुमास्नी कोन बघंल, म्या व्हय? उठा म्हणती!"

"तू वर जा."

"कुणाच्या सोन्यापायी बसलाय वो? आपल्या बापाचं हाय?"

"वर जा म्हणलं न्हवं!"

विशालाक्षी उभी राहिली. तिनं पट्टा गुंडाळला. दोघांकडं बघितलं, वेंकटकडं बघितलं, आणि तिला ह्या खोलीत काय अडलंय ते नीट कळलं नाही. तिला वाटलं हा म्हातारा सावकार असेल. छबूनं वर जाऊन रिकामी पाकिटं पिशवीत कोंबली, चपला घातल्या आणि तिच्याबरोबर दवाखान्याला गेली. जाताना नवऱ्याकडं बघितलं नाही.

दवाखान्यात उन्हातनं गेलेल्या छबूला डॉक्टरनं बसायला दिलं, ऐकून घेतलं. गोळी बदलतो म्हणाला, पण एवढ्या आकड्याचं माणूस बघितल्याशिवाय देत नाही, लिहूनही देत नाही. माणूस आणा. छबूनं सांगितलं, माणूस येत नाही. मग डॉक्टर तरी काय करणार? त्याच्या मागं भिंतीवर मीठ कमी खा म्हणून मोठं चित्र होतं. छबू त्याच्याखाली बसली, बारा वाजेपर्यंत बसली, कदाचित येईल म्हणून. मग शिपायानं दवाखान्याचं दार ओढून घेतलं आणि ती निघाली.

इकडं सोनं निघालं. धुतलं, वितळवलं, जनकोजीनं साच्यात ओतलं. हात हलला नाही. घट सांगितली होती तेवढीच आली. नारायणस्वामींनी पट्टी तळहातावर घेतली, उजेडात धरली, आणि वेंकटला म्हणाले, "ह्याच्या बापाचा हात आहे. पुढचा माल इथंच." वेंकटनं मान डोलवली. मग म्हाताऱ्यांनी जाता जाता जनकोजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दवाखान्यात जा, विसरू नको, असं सांगितलं. ते मनापासून सांगितलं.

छबू आली तेव्हा जनकोजी तांब्या तोंडाला लावून उभा होता.

"माल परत आला छबे!" तो म्हणाला. "म्हातारं सोता म्हणालं, पुढचा बी इथंच. वेंकट बी व्हय म्हणाला."

"डाक्टर म्हणं मान्साला आन."

"जाऊ की. दवाखाना उघडला की जाऊ."

"कवा? उद्या बंद. परवा ह्यांचा माल. तेरवा दुसऱ्याचा. गोळी बदलून देतो म्हणाला त्यो. बदलून! एवढं सोपं व्हतं."

"आस्तंय का सोपं? तुला काय ठावं, कसा बसलो त्ये. एवढं गोड बोलत्यात मान्सं, पर एकदा जरी उठलो असतो…"

"उठला न्हाईसा. बघितलं म्या." तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, वास घेतला, आणि सगळं सरबत मोरीत ओतलं. "जेवा. भाकरीला मीठ न्हाई. खायाची तर खावा."

"खातो की," जनकोजी म्हणाला. पण वर जायला निघतोय तेवढ्यात दारात एक सराफ उभा राहिला. मागं गेलेल्या चौघांतला एक. नारायणस्वामींची गाडी बोळातनं बाहेर पडताना त्यानं बघितली होती. हातात रुमालाची पुडी.

"चालू आहे का, सेट?"

"चालूच आहे. वांगो, उक्कारुंगो," या, बसा म्हणत जनकोजीनं स्टूल पुढं ओढलं. मग वर न बघताच, जिन्यावर उभ्या असलेल्या छबूला "भाकरी झाकून ठेव" म्हणाला, घमेल्यात हात धुतले, पाटावर बसला आणि भट्टीचा गॅस सोडला.